काना

वॉर्डातल्या सगळ्या पक्षांची छपाई आमच्याकडेच येते.
सकाळी भगवं, दुपारी हिरवं, रात्री निळं,
मधे रोलर धुवायचा,
प्रेसमध्ये एवढाच काय तो धर्म.

प्रमिला वैती आल्या रविवारी, भांडुप गावातून चालत.
अपक्ष. कार्यकर्ता एकच, तोही भाचा.
चिन्ह मिळालं होतं चप्पल, म्हणून तो खट्टू.
त्या म्हणाल्या, बरं झालं, चालायलाच तर उभी राहिलेय.

जाहीरनामा वाण्याच्या बिलांच्या पाठीवर.
गूळ अर्धा किलो, उलट बाजूला बॉलपेनने:
नाक्यावरचा सिग्नल चालणाऱ्याला देतो अठरा सेकंद.
माझ्या आईला लागतात एकतीस.
मधले तेरा कोणाचे?

दुसऱ्या बिलावर:
नाल्यापासून शाळेपर्यंत फुटपाथ एकशे बेचाळीस पावलं.
त्यातली चालता येतात एकसष्ट.
बाकी डीपी बॉक्स, दोन बुलेट, एक देऊळ, राडारोडा, नारळवाला.
(नारळवाल्याला हलवू नये. सावली तेवढीच आहे.)

सायकलींचं वेगळ्या कागदावर, साबणाच्या वेष्टनावर:
मार्गिका जरूर आखा, हिरवा रंग द्या,
पण आधी पाववाल्याला विचारून.
तो साडेतीनला निघतो, कॅरिअरवर त्याच्याहून उंच टोपली,
मागे लाल दिवा नाही.
दिवा द्यावा. दंड नंतर बघू.

आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात, जागा संपत आली म्हणून बारीक:
भरधाव गाडीला नशीब म्हणू नये.

'ताई, वर मोठ्या टाइपात काय टाकू?
सगळे विकास टाकतात.'
'तेरा सेकंद टाक.'

मी टाकलं. रात्री दोनपर्यंत बसून जुळवलं.
दोन हजार प्रती निघाल्या, शाई वाळली,
भाच्याने पहिली उचलली आणि थांबला.
पादचारी नव्हतं छापलेलं कुठेच.
सगळीकडे पदाचारी.
एक काना पा सोडून
द पाशी जाऊन उभा होता.
रस्ता ओलांडून गेलेला, तोही नको त्या बाजूला.

दुसरा उमेदवार असता तर माझी आई बहीण निघाली असती.
त्या आधी हसल्या, म्हणाल्या,
पदाचारी तर समोरचे तिघं आहेत रे,
मग गप्प झाल्या, मग पर्समधून पेन काढलं.
नव्याने छापायला पैसे नव्हते. मी कागद घालतो म्हटलं,
ऐकलं नाही.

तिघं खाली बसलो गठ्ठे घेऊन.
एक काना खोडायचा, एक काढायचा.
खोडायचा, काढायचा.
हाताला वळण पडलं, बोलणं बंद झालं.
फक्त एकदा त्यांनी विचारलं, तू कशाने येतोस कामाला?
सायकलने म्हटलं.
दिवा?
मी मान खाली घातली.

बाहेर पाववाल्याची घंटा वाजली
तेव्हा सहाशे झाल्या होत्या.
बाकीच्या तशाच वाटल्या.

मतं पडली नऊशे अकरा. डिपॉझिट गेलं.
बिलाचे उरलेले साडेसातशे त्या महिन्याभराने देऊन गेल्या,
सुट्टे, रबर लावून.

काल नाक्यावर हिरवा माणूस पेटला,
मी प्रुफं काखेत मारून निघालो.
मोजायची खोड लागली आहे आता.
अठराला मी पलीकडे पोचतो, पाय तरुण आहेत.
वळून पाहिलं तर मधे एक म्हातारी,
एका हातात दुधी, दुसऱ्याने पदर धरलेला,
आणि टेम्पो हॉर्न देत सुटलेले.

परत आत शिरलो.
तिच्या बाजूला उभं राहून हात वर धरला,
सरळ,
काना काढतात तसा.
एक रिक्षा शिव्या देत थांबली, तिच्यामागे टेम्पो.

ती माझ्याकडे बघतही नव्हती.
ओठ हलत होते.
मला वाटलं नाव घेतेय देवाचं.
जवळून ऐकलं:
बावीस.
तेवीस.
चोवीस.